‘तुझ्याच वस्तीवर अभ्यास कर’ असे सांगणाऱ्यांना उत्तर

गेल्या महिन्यात चळवळीतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचा फोन आला. ती विद्यापीठात मानवशास्त्र घेऊन एम.ए. करते आहे. सांस्कृतिक मानवशास्त्र हा तिचा आवडीचा भाग. शेवटच्या वर्षाला एक छोटा प्रबंध लिहावा लागतो. तिने विषय निवडला होता : शहरातली जातवार वधू-वर सूचक मंडळे कशी चालतात. नोंदणीच्या अर्जात पोटजात कुठे विचारतात, ‘आंतरजातीय चालेल’ असा रकाना असतो का, असला तर तो भरणाऱ्यांचे पुढे काय होते, हे सगळे तिला तपासायचे होते.

मार्गदर्शक सरांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "विषय चांगला आहे, पण तिथं तुला माहिती कोण देणार? त्यापेक्षा तुझ्याच वस्तीवर कर. तुमच्यात पूर्वी पोतराज असायचे, मरीआईचा गाडा निघायचा. त्याच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं अजून असतील. तुला ते सोपं जाईल."

"दादा, काय करू?" ती मला विचारत होती. "सर वाईट नाहीत. माझ्या भल्यासाठीच म्हणतात. पण मला राग येतोय आणि तो का येतोय हेच नीट सांगता येत नाही."

मित्रांनो, हा लेख त्या रागाविषयी आहे. कारण तो राग एका मुलीचा नाही आणि चूक एका प्राध्यापकाची नाही. समाजाचा अभ्यास करणाऱ्या विद्येत आपली जागा कोणती, हा प्रश्न त्यात आहे. आपण माहिती पुरवायची आणि मांडणी दुसऱ्यांनी करायची, ही ती ठरवून दिलेली जागा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली भारतीय समाजशास्त्रांच्या समतेवर लिहिताना नेमके यावर बोट ठेवले होते. सिद्धांत मांडणारे वरचे आणि तपशील गोळा करणारे खालचे, अशी ज्ञानाच्या क्षेत्रातही वर्णव्यवस्था आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. वीस वर्षे उलटून गेली. ‘तुझ्याच वस्तीवर कर’ हा सल्ला त्याच व्यवस्थेतून येतो, देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसले तरीसुद्धा.

१९१६ साली बाबासाहेबांनी काय केले?

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, हे आपल्याला पाठ असते. त्यांनी तिथे मानवशास्त्राचेही चार अभ्यासक्रम घेतले होते, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ते नुकतेच पंचवीस वर्षांचे झाले होते. म्हणजे जातीवरची बाबासाहेबांची पहिली मोठी शास्त्रीय मांडणी मानवशास्त्राच्या वर्गात झाली.

ते विद्यापीठही त्या काळात महत्त्वाचे होते. फ्रान्झ बोआस तिथे शिकवत होते आणि गोल्डनवायझर त्यांचेच विद्यार्थी. माणसाची संस्कृती त्याच्या रक्तावरून किंवा कवटीच्या मापावरून ठरत नाही, हे बोआस ठामपणे मांडत होते. इकडे हिंदुस्थानात सरकारी पातळीवर काय चालले होते? १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे नाकाची रुंदी मोजून जातीची सामाजिक प्रतिष्ठा आणि वंश यांचा संबंध लावत होते. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असे त्यांचे म्हणणे.

बाबासाहेबांनी त्या निबंधात सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या तपासल्या आणि त्यांपैकी कुणावरही न थांबता स्वतःची मांडणी केली. जातीचा गाभा म्हणजे अंतर्विवाह. बहिर्विवाहाची मूळ चाल असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला की जात तयार होते. पण अंतर्विवाह टिकवायचा तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी ठेवावी लागते. नवरा मेला की विधवा ‘जादा’ ठरते, बायको मेली की विधुर ‘जादा’ ठरतो. मग विधवेला जाळा किंवा जन्मभर वैधव्यात कोंडा, आणि विधुराला खालच्या वयाची मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली म्हणजे जात चालू ठेवणारी यंत्रणा आहे, असे त्यांनी दाखवले. या चाली सर्वांत कडकपणे कोण पाळत होते? ब्राह्मण. म्हणून आपले दार आधी त्या वर्गाने लावून घेतले. बाकीच्यांपैकी काहींनी त्याचे अनुकरण केले आणि काहींच्या तोंडावर ते दार आपोआप बंद झाले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या निबंधात महारवाड्याचे वर्णन नाही. स्वतःच्या छळाची कहाणी नाही. आमच्यात अमुक देव आणि तमुक जत्रा, असे काही नाही. अमेरिकेतल्या त्या वर्गासमोर ते सांगितले असते तर लोकांनी कौतुकाने ऐकलेच असते. पण पंचवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या वस्तीचा अभ्यास केला नाही. त्याने दार लावून घेणाऱ्यांचा अभ्यास केला.

आमच्या त्या मुलीने निवडलेला विषय हाच नाही का? वधू-वर सूचक मंडळ म्हणजे अंतर्विवाहाचे आजचे कार्यालय. तिचा विषय थेट १९१६ च्या निबंधातून चालत आलेला आहे.

आपल्याविषयी काय काय लिहिले गेले

या विद्येने आपल्यावर लिहिलेले सगळे निरुपद्रवी होते, असेही नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. त्याआधी आणि नंतर या जमातींच्या चालीरीतींच्या याद्या आणि वर्णने तयार होत राहिली, आणि ती पोलिसांच्या कामी आली. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र गेला नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ वाचलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर भाषा सौम्य झाली. पण पाहण्याची जागा वरचीच राहिली. एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरकडच्या रामपुरा या गावात राहिले आणि त्यावर त्यांनी १९७६ मध्ये पुस्तक लिहिले. गावात ते पाटलाच्या आश्रयाने राहत होते. आपल्याला गाव वरच्या जातींच्या बाजूने दिसले, हे त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे. पण गावच अर्धे दिसले होते, हेही तितकेच खरे.

श्रीनिवासांची ‘संस्कृतीकरण’ ही १९५२ ची संकल्पना प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. खालची जात वरच्या जातीचे अनुकरण करून वर सरकते, असा तिचा सारांश. अनुकरणाचा मुद्दा बाबासाहेबांनी छत्तीस वर्षे आधी मांडला होता. फरक एवढाच की बाबासाहेबांच्या लेखी ते अनुकरण वर चढण्याची शिडी नव्हते, रोगाची लागण होती. दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून शिकवल्या तर वर्गात किती चांगली चर्चा होईल! पण किती वर्गांत त्या शेजारी ठेवल्या जातात, हे तुमच्याच अभ्यासक्रमाची पाने उलटून पाहा.

महाराष्ट्रात इरावती कर्वे यांचे नाव येतेच. नातेसंबंधांवरचे त्यांचे १९५३ चे पुस्तक आजही उपयोगाचे आहे आणि ते वाचलेच पाहिजे. पण त्यांच्या मांडणीत जाती म्हणजे शेजारी शेजारी नांदणारे वेगवेगळे आप्तगट. वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारा : शेजारी शेजारी नांदत होते, तर विहीर कुणाची होती?

विचारणारा बदलला की उत्तर बदलते

‘शास्त्र वस्तुनिष्ठ असते, अभ्यासक कोणत्या जातीचा याने काय फरक पडतो?’ हा प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल. त्याचे उत्तर मानवशास्त्राच्याच इतिहासात आहे.

जेराल्ड बेरेमन हे अमेरिकन अभ्यासक १९५७-५८ मध्ये गढवालच्या डोंगरातल्या एका गावात काम करत होते. त्यांचा दुभाषा ब्राह्मण होता. काही महिन्यांनी तो आजारी पडला आणि त्याच्या जागी एक मुसलमान शिक्षक आले. गाव तेच, अभ्यासक तोच, वहीसुद्धा तीच. पण आता खालच्या मानलेल्या जातींची माणसे मोकळेपणाने बोलू लागली. ब्राह्मण दुभाष्यासमोर जे कधी बोलले गेले नव्हते, ते बाहेर आले. बेरेमन यांनी हा अनुभव १९६२ मध्ये लिहून ठेवला. जातिव्यवस्थेवर सगळ्यांची सहमती आहे, खालच्यांनाही ती मान्य आहे, या समजाचे ते पुढे मोठे टीकाकार झाले.

दुसरे उदाहरण तमिळनाडूतले. जोन मेंचर यांनी तिथल्या शेतमजुरांच्या बाजूने पाहिले आणि १९७४ मध्ये लिहिले की खालून बघितले तर जात ही शोषणाची व्यवस्था दिसते आणि खालच्या माणसाला ते पुरते कळत असते. पाचच वर्षांनी मायकेल मोफॅट यांनी त्याच राज्यातल्या एका अस्पृश्य वस्तीवर पुस्तक लिहिले आणि निष्कर्ष काढला की तिथली माणसे व्यवस्थेच्या मूल्यांशी सहमत आहेत. राज्य एक, दशक एक, आणि निष्कर्ष परस्परविरोधी.

तेव्हा कोण विचारतो, कुणाच्या ओट्यावर बसून विचारतो, कोणता प्रश्न विचारतो, यावर पुस्तकात काय येणार हे ठरते. आपली मुले या विद्येत विचारणाऱ्याच्या जागेवर गेलीच नाहीत, तर आपण सहमत होतो असेच पुढच्या पिढ्या वाचतील.

आणि त्या सरांच्या सल्ल्यातली आणखी एक गोष्ट. त्यांना वस्तीतला पोतराज हवा होता, मरीआई हवी होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या माणसांनी ते सगळे सोडले. आज त्या वस्तीत विहार आहे, मुलांची अभ्यासिका आहे, चौदा एप्रिलची वर्गणी आहे, भीमगीतांचे गायक आहेत. ही संस्कृती नाही का? जे सोडले ते ‘संस्कृती’ आणि जे विचारपूर्वक उभे केले ते ‘राजकारण’, ही विभागणी कुणी केली? बदलणारा माणूस ज्या शास्त्राला अस्सल वाटत नाही, त्या शास्त्राची व्याख्याच दुरुस्त करायला हवी.

२०२२ ची अट

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. आपली मुले परदेशात जाऊन हा विषय शिकू लागली तर काय होते?

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, उरलेल्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. २०२२ च्या नियमावलीत एक अट आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. समर्थन असे की या विषयांचे तज्ज्ञ आणि साधने देशातच भरपूर आहेत.

जरा विचार करा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून बाबासाहेब न्यूयॉर्कला जाऊ शकले. तिथे त्यांनी एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर लिहिला. म्हणजे इतिहास. ‘कास्ट्स इन इंडिया’ म्हणजे भारतावर आधारित सामाजिक अभ्यास. त्या वेळी बडोद्याच्या दरबारात ही अट असती तर?

‘साधने देशातच आहेत’ हे म्हणणे वरवर बरोबर वाटते. पण जातीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यापीठात ग्रंथालयापेक्षा मोठी गोष्ट मिळते. जातीच्या बाहेरचा मार्गदर्शक मिळतो. गोल्डनवायझर हे युक्रेनमध्ये जन्मलेले होते. त्यांना त्या विद्यार्थ्याचे आडनाव ऐकून काही अंदाज बांधता येत नव्हता. आणि ज्याच्या घरी पैसे आहेत तो याच विषयासाठी आजही स्वखर्चाने जाऊ शकतो. अडतो तो फक्त शिष्यवृत्तीवर जाणारा. म्हणजे भारतीय समाजावर जगभर बोलायचे कुणी, हे पुन्हा घरच्या ऐपतीवर आणि पर्यायाने जातीवर ठरणार. हे दार कुणी बंद केले, हे बाबासाहेबांच्याच पद्धतीने विचारले पाहिजे.

आपल्यातलेच काही आक्षेप

पहिला आक्षेप : ‘ही इंग्रजांची आणि ब्राह्मणांची विद्या. तिच्यावर बहिष्कार टाका.’ बाबासाहेबांनी तसे केले नाही. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी डॉ. घुर्ये यांनी वापरलेलीच नाकांची मापे घेतली आणि त्याच आकड्यांवरून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. ज्या मोजपट्टीने आपल्याला हीन ठरवले, तीच हातात घेऊन त्यांनी वंशाचा सिद्धांत मोडला. बहिष्कार टाकला असता तर मोजपट्टी त्यांच्याकडेच राहिली असती.

दुसरा आक्षेप : ‘यानं नोकरी लागते का?’ हा प्रश्न विचारणाऱ्या आई-बापांना मी नावे ठेवणार नाही. त्यांनी पोटाला चिमटा घेतलेला असतो. खरे सांगायचे तर नोकऱ्या कमी आहेत. अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालये, नेट होऊन प्राध्यापकी, काही कंपन्यांतली संशोधनाची कामे, एवढेच क्षेत्र. म्हणून सगळ्यांनी हाच विषय घ्या, असे मी म्हणत नाही. पण दर वर्षी आपली अनेक मुले लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतात. पाचशे गुणांसाठी श्रीनिवास, घुर्ये, द्यूमाँ पाठ करतात आणि निकाल लागला की नोट्स रद्दीत घालतात. त्यांना माझे सांगणे आहे : इतके वाचलेच आहे तर बाबासाहेबांना सोबत ठेवून पुन्हा एकदा वाचा.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : ‘वरच्यांच्या घरात आपल्याला प्रवेशच मिळत नाही, मग अभ्यास कसा करणार?’ ही अडचण खरी आहे. पण ती याआधी दुसऱ्यांनाही आली होती. अमेरिकेत ॲलिसन डेव्हिस हे काळे मानवशास्त्रज्ञ १९३० च्या दशकात मिसिसिपीतल्या नॅचेझ गावात गेले. डेव्हिस पती-पत्नी काळ्यांच्या बाजूला राहिले आणि गार्डनर हे गोरे पती-पत्नी गोऱ्यांच्या बाजूला. उघडपणे एकत्र बसून कामाचे बोलणेही धोक्याचे होते. तरी दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळवून १९४१ मध्ये ‘डीप साउथ’ हे पुस्तक निघाले. गोऱ्या-काळ्यांतल्या त्या भेदाला त्यांनी शब्द वापरला तो ‘कास्ट’. आपल्यालाही प्रगतिशील सवर्ण मित्रांना सांगता येईल : आमच्या वस्तीत या, जरूर या, पण तुमच्या घरात, तुमच्या सोसायटीच्या बैठकीत, तुमच्या लग्नाच्या बोलणीत काय चालते याच्या नोंदी आधी करा.

आपल्या वस्तीचा अभ्यास करूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तो आपणच केला पाहिजे. माझा विरोध आहे तो ‘तुला तेवढेच जमेल’ या गृहीतकाला. सवर्ण विद्यार्थी आदिवासी पाड्यावर जातो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की तू तुझ्याच वाड्याचा अभ्यास का करत नाहीस.

तेव्हा काय करायचे?

प्रत्येक विहारात, प्रत्येक वसतिगृहात चार रविवार काढा. ‘कास्ट्स इन इंडिया’ मराठीत उपलब्ध आहे आणि लहान आहे. एकत्र बसून वाचा. मग वही घेऊन बाहेर पडा. भाड्याने खोली बघायला गेल्यावर कितव्या मिनिटाला आडनाव विचारतात? वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींत जात कोणत्या शब्दांत येते? तारीख टाका, शब्द जसेच्या तसे लिहा, आपले मत वेगळ्या रंगाने लिहा. पदवी नसली तरी ही शिस्त शिकता येते. जे विद्यापीठात आहेत त्यांनी शिष्यवृत्त्यांच्या नियमावल्या स्वतः वाचाव्यात आणि त्या अटीविरुद्ध आपापल्या संघटनेमार्फत लेखी आवाज उठवावा.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले : विषय बदलू नकोस. सरांशी भांडूही नकोस. ‘माहिती कोण देणार?’ असे ते म्हणाले ना? मग कोण देतो आणि कोण नाकारतो, हाच तुझ्या प्रबंधाचा पहिला भाग कर. नकार हीसुद्धा नोंद असते. कुठल्या दारावर, कुणी, कोणत्या शब्दांत नाकारले ते लिहून ठेव. हे लिहिलेस की सरांनाही विषय पटेल.

परवा तिचा पुन्हा फोन आला. ती पहिल्या मंडळाच्या कार्यालयात जाऊन आली होती. तिने नाव सांगितले, विद्यापीठाचे पत्र पुढे केले. टेबलापलीकडच्या बाईंनी पत्र उघडण्याआधीच विचारले, "आडनाव काय?"

तिने बाहेर येऊन वही काढली आणि तारीख टाकून तेच पहिले वाक्य लिहिले. "दादा," ती म्हणाली, "काम सुरू झालं."

जयभीम!